निकर, खलाशी सूट आणि बटणांची बंडी : १९०८ च्या कॅटलॉगमधली मुलं

काजबटण

नमस्कार मंडळी,

आमचं शिंप्याचं घर. मिरजेत आधी आजोबांचं, मग बाबांचं दुकान. मी मशीनवर बसलो ते कॉलेजात जाईपर्यंतच. आता नोकरीपायी बरीच वर्षं अमेरिकेत, इलिनॉयला आहे. पण कपडा हातात आला की आधी उलटा करून आतली शिवण बघायची सवय काही गेली नाही.

मागच्या महिन्यात इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात सीअर्स-रोबक या, कॅटलॉग पाठवून घरबसल्या माल विकणाऱ्या कंपनीच्या १९०८ च्या कॅटलॉगचं पुनर्मुद्रण मिळालं. विटेएवढं जाड. शेगड्या, घोड्यांचे साज, बाजाच्या पेट्या, बंदुका, आणि मध्येच मुलग्यांच्या कपड्यांची पानं. मी तिथेच अडकलो. मग आगेमागची, साधारण १९०० ते १९२० ची, नेटवर चढवलेली कॅटलॉगं शोधून बघितली. दोन शनिवार-रविवार त्यात गेले.

पहिली गोष्ट म्हणजे मुलग्याचे पाय बघून त्याचं वय सांगता येतं. अगदी लहान असेल तर फ्रॉक. अडीच-तीन ते सहा वर्षांपर्यंत 'रशियन ब्लाउज' सूट, म्हणजे मांडीपर्यंत येणारा, एका बाजूला बटणं असलेला झगा, कमरेखाली सैल पट्टा आणि आत ढगळ चड्डी. त्याच वयाला खलाशी सूटही. सात-आठ वर्षांपासून जाकीट आणि गुडघ्यापर्यंतची पँट. लांब पँट मिळायची ती चौदा ते सोळाच्या दरम्यान कधीतरी. तोवर पायात लांब, काळे, सुती मोजे. मिसरूड फुटायला आली तरी पोटऱ्यांवर काळे मोजेच.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. १९०० च्या आसपास मोठ्या मुलग्यांची पँट सरळ कापाची आणि तंग असते, गुडघ्याशी संपते. १९०८ च्या सुमाराला तिच्या शेजारी निकरबॉकर दिसायला लागते : वर भरपूर घोळ, खाली चुण्या घालून गुडघ्याखाली पट्ट्यात बांधलेली. आणि १९१२ पर्यंत मोठ्या मुलांच्या पानांवर बहुतेक तीच. चार-पाच वर्षांत एका देशातल्या मुलांची पँट बदलली.

आपण 'निकर' म्हणतो तो शब्द इथूनच आलाय. वॉशिंग्टन आयर्विंग या लेखकाने १८०९ मध्ये न्यूयॉर्कच्या इतिहासावर लिहिताना 'निकरबॉकर' हे डच वळणाचं टोपणनाव घेतलं. त्या डच लोकांच्या घोळदार तुमानींवरून कपड्याला ते नाव पडलं, इंग्रजांनी त्याचं 'निकर्स' केलं, आणि आमच्या दुकानात गिऱ्हाईक यायचं ते "पोराला दोन खाकी निकरी शिवा" म्हणतच.

चित्रं देखणी आहेतच, पण खाली बारीक टायपात जे छापलंय ते नीट वाचा. "बैठकीला आणि गुडघ्याला दुहेरी कापड." "शिवणींना आतून पट्टी." चित्र आईला भुलवायला काढलंय, खरा मुलगा त्या बारीक टायपात आहे. तो घसरगुंडी करणार, झाडावर चढणार, वर्षात दोन इंच वाढणार, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

कुणाला याबद्दल आणखी माहिती असेल तर जरूर लिहा.

रेवा_पुणे

किती छान धागा! फ्रॉकबद्दल आणखी लिहाल का? माझ्या पणजोबांचा एक फोटो आहे, दोन-अडीच वर्षांचे असतील, झालर लावलेलं झबलं आणि लांब केस. आम्ही लहानपणी ती मुलगीच समजायचो. आपल्याकडे जावळ काढेपर्यंत मुलगा-मुलगी एकसारखीच दिसायची. अमेरिकेतही तसंच का?

काजबटण

रेवाताई, अगदी तसंच. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १८८४ चा एक प्रसिद्ध फोटो आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले हे गृहस्थ तेव्हा अडीच वर्षांचे. पांढरा फ्रॉक, खांद्यापर्यंत केस, हातात पिसाची टोपी. त्या काळी कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पहिल्यांदा पँट घालायचा दिवस घरात कौतुकाचा असायचा आणि पुष्कळदा केसही त्याच सुमाराला कापायचे.

शिंप्याच्या बाजूने बघितलं तर कारण सरळ आहे. लंगोट बदलायचा तर फ्रॉक वर केला की काम झालं. मूल वाढलं की खालची दुमड उसवून चार बोटं लांबी वाढवायची. मग तोच फ्रॉक धाकट्याला किंवा धाकटीला. लहान मुलाच्या पँटला मात्र बटणं आली, काजं आली, आणि घाईच्या वेळी ती बटणं सोडवणारी आईसुद्धा आली.

कॅटलॉगं पुढे पुढे चाळत गेलं की मुलग्यांचे फ्रॉक मागे पडत जातात आणि पहिली पँट लवकरच्या वयात येते. १९२० च्या आसपास मुलग्याला फ्रॉक फक्त तान्हेपणी.

शिकागोकर

मी शिकागोत राहतो आणि टपालाचा इतिहास हा माझा जुना छंद, त्यामुळे थोडी भर घालतो. हे कपडे खेड्यापर्यंत पोचले कसे, हे कळल्याशिवाय कॅटलॉग कळत नाही.

सुरुवात माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याची. १८७२, शिकागो, एका पानाची यादी, १६३ वस्तू. रिचर्ड सीअर्स मिनेसोटातला रेल्वे स्टेशनवरचा माणूस. १८८६ मध्ये त्याने घड्याळं विकायला सुरुवात केली, पुढच्या वर्षी घड्याळ दुरुस्त करणारा रोबक येऊन मिळाला, आणि १८९३ मध्ये कंपनीला दोघांचं नाव लागलं. पण कपड्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा माणूस तिसराच. ज्युलियस रोझेनवाल्ड. वडील इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला कपड्यांचे व्यापारी, स्वतः पुरुषांचे तयार कपडे बनवणारा. तो १८९५ मध्ये सीअर्समध्ये आला.

आता टपाल. शेतकऱ्याला आपलं पत्र घ्यायला गावातल्या पोस्टात जावं लागायचं. घरपोच टपाल १८९६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात करून बघितलं आणि १९०२ पासून कायम झालं. त्यामुळे कॅटलॉग दारात आलं. सामान मात्र खासगी एक्स्प्रेस कंपन्या नाहीतर रेल्वेच्या मालगाडीने यायचं आणि स्टेशनवर जाऊन सोडवावं लागायचं. १ जानेवारी १९१३ ला सरकारी पार्सल टपाल सुरू झालं, आधी ११ पौंडांची मर्यादा ठेवून. मुलाचा सूट, टोपी, सहा जोड मोजे, सगळं त्या वजनात बसतं! १९१३ नंतर मुलांच्या कपड्यांचा व्यवहार किती सोपा झाला असेल, विचार करा.

१९०६ मध्ये सीअर्सने शिकागोच्या पश्चिम भागात ४० एकरांवर प्रचंड आवार बांधलं. प्रत्येक ऑर्डरला पंधरा मिनिटांची वेळ ठरलेली असायची. तेवढ्यात वेगवेगळ्या विभागांतून वस्तू खाली येऊन एकत्र बांधल्या गेल्या पाहिजेत. त्या आवारातला जुना मनोरा अजून उभा आहे. तिथून जाताना दरवेळी मला ती पार्सलं आठवतात.

टपालपेटी

शिकागोकर, एक मुद्दा जोडतो. सामान दारात आल्यावर पैसे, ही सोय अमेरिकी टपालखात्याने १ जुलै १९१३ ला आणली. आपल्याकडे व्ही.पी. डिसेंबर १८७७ पासून होती. या बाबतीत हिंदुस्थानचं पोस्ट ३५ वर्षं पुढे होतं. माझ्या संग्रहात व्ही.पी.ची जुनी पाकिटं आहेत. आमच्या आजीच्या तोंडी "व्हीपी सोडवून आण" हे शेवटपर्यंत होतं.

काळाघोडा

मुंबईकरांसाठी : काळ्या घोड्याजवळची 'आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग' आपण सगळे येताजाता बघतो. ती याच जातीच्या व्यवहाराची खूण. लंडनमध्ये १८७१ साली फौजेतल्या अधिकाऱ्यांनी काढलेली सहकारी सोसायटी, सभासदांना जाड कॅटलॉग, आणि मुंबईची शाखा १८९१ ची. गोऱ्या अधिकाऱ्याच्या बायकोला बदलीच्या गावी बसून मुलाचा खलाशी सूट मागवता येत असे. सीअर्स कॅटलॉगचा वाचक शेतकरी, हिचा वाचक साहेब.

खलाशी सूट आला कुठून, तेही सांगतो. १८४६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या मुलाला, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डला, राजघराण्याच्या जहाजावर खलाशाचे छोटे कपडे घातले. वय चार वर्षं. विंटरहाल्टरने त्याचं चित्र काढलं आणि ते गाजलं. पुढे साठ-सत्तर वर्षं युरोप-अमेरिकेतल्या मुलांच्या पाठीवर ती चौकोनी कॉलर होती. कनसासमध्ये, समुद्रापासून शेकडो कोस लांब, पोरं खलाशी!

सुहास_म

धागा वाचतोय, माहिती उत्तम आहे. पण एक शंका मनातून जात नाही. ही मुलं खरंच असे कपडे घालत होती का?

लुईस हाइन या छायाचित्रकाराने १९०८ पासून बालमजुरीविरोधी समितीसाठी फोटो काढले. म्हणजे काजबटण यांच्या कॅटलॉगचंच साल. त्यातले पाच हजारांहून जास्त फोटो वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, घरबसल्या बघता येतात. जॉर्जियात मेकनच्या गिरणीतला जानेवारी १९०९ चा फोटो बघा. दोन मुलं, एक अनवाणी, हात पुरत नाही म्हणून चालू साच्यावर चढून तुटलेलं सूत जोडताहेत. पेनसिल्व्हेनियातल्या पिटस्टनला १९११ च्या जानेवारीत कोळसा निवडणाऱ्या पोरांचे फोटो बघा. कॅटलॉगमधल्या चित्रांत सगळे गोंडस, लहान पावलांचे, बूट चकचकीत. मला ती पानं बघून राग येतो. हे सगळं कुणासाठी होतं?

काजबटण

सुहासदादा, मुद्दा रास्त आहे. राग मलाही येतो, पण पानं मिटवून टाकावीत असं वाटत नाही. तुम्ही सांगितलेले फोटो काल रात्री परत बघितले, या वेळी फक्त कपड्यांसाठी.

पिटस्टनच्या पोरांच्या डोक्यावर तीच कॅप आहे. वर्तमानपत्रं विकणाऱ्या पोरांच्या पायांत तेच काळे मोजे आहेत, फक्त गुडघ्याला भोक. जाकीट कुणा मोठ्याचं, बाह्या दुमडलेल्या. म्हणजे वस्तू त्याच. कॅटलॉग त्या नव्या असतानाच्या दाखवतं आणि हाइन त्यांची तिसऱ्या पोराच्या अंगावरची अवस्था दाखवतो. आणि दुहेरी बैठक का शिवावी लागायची, ते कॅटलॉगपेक्षा हाइनच्या फोटोत चांगलं कळतं.

दुसरी बाजू शिवणाऱ्यांची. जेकब रीस या पत्रकाराने १८९० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या लडलो स्ट्रीटवरच्या एका खोलीचा फोटो काढला. खोलीत बायका, पुरुष, पोरं आणि कापडाचे ढीग. त्याचं शीर्षक आहे, 'गुडघापँटी, डझनाला पंचेचाळीस सेंट'. एका पँटीला पावणेचार सेंट. त्यात किती टिपा आहेत ते मला माहीत आहे. दोन बाजू, दोन आतल्या, बैठक, नेफा, खिसे, पुढची पट्टी, काजं, बटणं. आमच्या बाबांचे डोळे काजं करून करून गेले. तो फोटो बघितल्यापासून कॅटलॉगमधल्या किमतीकडे नुसतं 'किती स्वस्त' म्हणून बघवत नाही.

शिकागोतही तेच. १९१० च्या सप्टेंबरात तिथल्या एका मोठ्या कपडेवाल्याच्या कारखान्यातून काही मुली पँटीच्या शिलाईचा दर कापला म्हणून उठून बाहेर पडल्या, आणि बघता बघता शहरातले चाळीसेक हजार शिवणकामगार संपावर गेले. पँटीच्या शिलाईवरून!

मंजिरी_अटलांटा

सुहास यांच्या "कुणासाठी होतं" या प्रश्नाला मला एक उत्तर द्यायचंय.

मी दक्षिणेत राहते. इथे त्या काळी काळ्या माणसाला गावातल्या दुकानात सगळ्या गोऱ्यांचं झाल्यावर माल मिळायचा, तोही उरलासुरला, आणि बरेचदा उधारीच्या वहीत अडकवून. कॅटलॉगला रंग दिसत नव्हता. ऑर्डर लिहा, पैसे पाठवा, गोऱ्या मुलाला जातो तोच सूट त्याच भावात तुमच्या मुलाला. "तुमच्या पद्धतीने लिहा, कोणत्याही भाषेत लिहा" असं सीअर्सवाले छापायचे. ज्याला नीट लिहिता येत नाही त्याला, नुकत्याच आलेल्या जर्मन-स्वीडिश शेतकऱ्याला, सगळ्यांना ते चालायचं. गावोगावचे दुकानदार इतके चिडले की कॅटलॉगं गोळा करून त्यांच्या होळ्या केल्या.

आणि ज्या रोझेनवाल्डचं नाव वर आलं, त्याने बुकर टी. वॉशिंग्टन या काळ्या समाजातल्या शिक्षक-पुढाऱ्याबरोबर दक्षिणेत काळ्या मुलांसाठी शाळा उभारायला पैसे दिले. सुमारे पाच हजार शाळा. मी त्यांतली एक बघून आले. लाकडी, उंच खिडक्यांची, एवढीशी. आत मुलांचे फोटो लावलेत. इस्त्रीचे सदरे, गुडघ्याखाली पट्टा बांधलेल्या पँटी. शाळेच्या फोटोसाठी आईने राखून ठेवलेले कपडे असणार. ते बघून मला रडू आलं.

सुहास_म

मंजिरी, हे मला ठाऊक नव्हतं. मनापासून धन्यवाद. मघाचा माझा सूर एकांगी होता.

टोरांटोची_मेघा

कॅनडाची आठवण : इथे ईटनचं कॅटलॉग, १८८४ ते १९७६. इथली जुनी माणसं सांगतात की जुनं कॅटलॉग पोटरीला बांधून हॉकी खेळायचे. नडगीला मार लागू नये म्हणून. मुली त्यातली चित्रं कापून बाहुल्या करायच्या.

रेवा_पुणे

फाँटलरॉय सूट म्हणजे नक्की काय? आणि बस्टर ब्राउन? नेटवरची जुनी कॅटलॉगं बघतेय, त्यांत ही दोन्ही नावं सतत दिसताहेत.

काजबटण

फाँटलरॉय म्हणजे काळ्या मखमलीचं जाकीट, गुडघापँट, लेसची मोठी कॉलर आणि कुरळे लांब केस. १८८६ च्या एका गाजलेल्या बालकादंबरीतल्या नायकाचा पोशाख. आयांना वेड लागलं होतं, मुलांना तो बिलकुल आवडत नसे. १९०८ पर्यंत तो जुना झाला होता.

बस्टर ब्राउन नंतरचा. १९०२ मध्ये न्यूयॉर्क हेरल्डमध्ये आउटकॉल्ट यांची चित्रमालिका सुरू झाली, तिच्यातला खोडकर मुलगा. कमरेखाली पट्टा बांधलेला लांब झगा, गोल पांढरी कॉलर, मोठा बो, खाली ढगळ निकर. १९०४ च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात आउटकॉल्टने त्या नावाचे हक्क अनेक कंपन्यांना विकले. बुटांपासून सुटांपर्यंत सगळ्यावर बस्टर ब्राउन. आज मुलांच्या टी-शर्टवर कार्टून असतं, त्याची ही जुनी पिढी.

अनुराधा_नाशिक

सगळ्यांना नमस्कार. मी इथे फक्त वाचत असते, पण आज गरजेपोटी लिहितेय. आमच्या बालनाट्यात १९१२ सालचं अमेरिकेतलं शेतकरी कुटुंब आहे. नऊ वर्षांचा मुलगा. खर्चाला पैसे बेताचेच. त्याला काय घालू? सिनेमात बघून नॉरफॉक जाकीट शिवायला घेतलं होतं, पण त्या पेटीचुण्या आणि पट्टा बघून शिंप्याने हात वर केलेत.

काजबटण

अनुराधाताई, नॉरफॉक सोडा. तो रविवारचा, चर्चला जायचा कपडा. शेतावरच्या मुलाला रोज एवढं नसायचं. असं करा.

निकर : जाड कॉर्डरॉय मिळालं तर उत्तम, नाहीतर तपकिरी ड्रिल. सदरा : साधा, कॉलरचा, बारीक रेघांचा, कमरेशी चुण्या घेतलेला. तेव्हा त्याला 'ब्लाउज वेस्ट' म्हणायचे. मोजे लांब, काळे आणि उभ्या रेघा उठलेले. बूट घोट्याच्या वर, नाड्यांचे. डोक्याला आठ कळ्यांची कॅप. कामाच्या प्रवेशात निळ्या डेनिमचा ओव्हरऑल आणि अनवाणी पाय, तेही अगदी खरं.

आतली एक गोष्ट प्रेक्षकाला दिसणार नाही, पण तिच्याशिवाय मोजे खाली येतील. बटणांची बंडी. बिनबाह्यांची, जाड कापडाची, कमरेला बाहेरून बटणं लावलेली. त्या बटणांना पँट अडकवायची आणि बाजूच्या पट्ट्यांना मोजे. लहान मुलाला कंबर अशी नसतेच, म्हणून सगळा भार खांद्यावर घ्यायचा. मुलांच्या कपड्यांना चेन लागली ती १९३० नंतर, तोवर सगळा कारभार बटणांचा. ही बंडी कॅटलॉगमध्ये कोपऱ्यात, एवढ्याशा चित्रात असते. मला विचाराल तर सगळ्या पानांतली सर्वांत हुशार वस्तू तीच.

निकरीचा बेत : कमरेपासून गुडघ्यापर्यंतच्या मापात चार इंच जास्त धरा. तो घोळ पट्ट्यावरून खाली लोंबला पाहिजे, नाहीतर ती निकर न दिसता आखडलेली पँट दिसते. मूल वाढलं की त्या घोळातलीच लांबी वर सरकते. सरळ गुडघापँटीत ही सोय नव्हती. ती मागे का पडली, त्याचं माझ्या मते हेही एक कारण. फॅशन होतीच, पण ही जास्त दिवस पुरायची.

शिकागोकर

वा! एक सुचवतो. कॅटलॉगमध्ये मुलांचे साइझ वयाने दिलेले असायचे, आणि मूल वयाच्या मानाने मोठं की लहान तेही कळवा म्हणायचे. नाटकात एखादा संवाद घालता येईल, आई फॉर्म भरतेय आणि दोरीने मुलाची छाती मोजतेय.

अनुराधा_नाशिक

शिकागोकर, दिग्दर्शकांना सांगितलं, त्यांनी घेतलाच तो प्रसंग! मुलाचे बाबा म्हणतात, "एक साइझ मोठा मागव."

काजबटणदादा, बंडी झाली. आता गुडघ्याखालच्या पट्ट्याचं माप मुलाला उभं करून घ्यायचं की बसवून?

काजबटण

बसवून, गुडघा पूर्ण वाकवून. वर एक बोट ढिलाई. शिवून झालं की त्याला दहा उठाबशा काढायला लावा, तिथेच काय ते कळेल.

अनुराधा_नाशिक

काढल्या. माप बरोबर आहे, पण सहाव्या उठाबशीला डाव्या पट्ट्याचं बटण उडालं. कापड जाड आहे, बटण चपटं लागलं होतं.

काजबटण

बटण लावताना खाली काडेपेटीची काडी ठेवा, टाके झाल्यावर ती काढून घ्या आणि मधल्या दोऱ्याला चार-पाच वेढे द्या. बटणाला मान मिळते, मग जाड कापडातही ताण येत नाही. उजवंही उसवून तसंच लावा.

प्रयोग कधी आहे?

अनुराधा_नाशिक

पुढच्या रविवारी, सकाळी साडेदहा. उजवं उसवायला घेतलंय.